संगणकांतील पाण्याचा पंप : निवड आणि मांडणी

पाणी आणि वीज यांचें वैर सर्वश्रुत आहे. ओल्या हातानें बटन दाबूं नये, हा धडा प्रत्येक घरांत मुलांना अक्षरओळखीच्या आधींच मिळतो. असें असतां, हजारों रुपयांची नाजूक विद्युत्-सामग्री ज्या पेटींत भरलेली असते, त्याच पेटींतून जाणूनबुजून पाणी खेळवावयाचें, ही कल्पना प्रथम ऐकणाराला वेडेपणाची वाटली तर नवल नाहीं. तथापि ही कल्पना नवीहि नाहीं आणि वेडेपणाचीहि नाहीं. आय. बी. एम. कंपनीच्या 'सिस्टीम ३६०' या मालिकेंतील ९१ क्रमांकाचें यंत्र १९६० नंतरच्या दशकांत पाण्याच्याच साहाय्यानें थंड ठेवलें जात असे. त्याच कंपनीनें १९८० सालीं जाहीर केलेल्या ३०८१ या यंत्रांतहि पाण्याची योजना होती. १९८५ सालच्या 'क्रे-२' या महासंगणकाचे भाग तर वीज वाहून न नेणाऱ्या एका द्रवांत चक्क बुडवून ठेवलेले असत. पुण्याच्या 'आयसर' या विज्ञानसंस्थेंत २०१९ सालीं 'परम ब्रह्म' हा महासंगणक उभा राहिला, तेव्हां त्याची उष्णता वाहून नेण्याचें कामहि पाण्याकडेच सोंपविण्यांत आलें.

मोठ्या संस्थांच्या दालनांत जें चालत आलें, तें गेल्या पंचवीस वर्षांत घरगुती संगणकांतहि उतरलें आहे. त्याचें कारण शोधावयास दूर जावयास नको. इंटेल कंपनीच्या २०२२ सालच्या 'कोअर आय-९ १३९००के' या प्रोसेसरला पूर्ण भाराखालीं २५३ वॉटपर्यंत वीज लागते. त्याच वर्षीं निघालेल्या एन्व्हिडियाच्या 'आरटीएक्स ४०९०' या ग्राफिक्स कार्डाला ४५० वॉट लागतात. दोहोंची बेरीज ७०३ वॉट झाली. ही सर्व वीज अखेर उष्णतेंतच रूपांतर पावते. म्हणजे टेबलाखालच्या पेटींत एक लहानशी इस्त्री अखंड तापत ठेवण्यासारखेंच झालें.

पत्रव्यवहार, हिशेब, मुलांचा अभ्यास एवढ्यापुरता ज्यांच्या घरीं संगणक आहे, त्यांना या साऱ्याची गरज नाहीं. पण घरीं बसून चलच्चित्रें तयार करणारा तरुण, किंवा इमारतींचे आराखडे हुबेहूब रंगवून देणारी वास्तुशास्त्राची विद्यार्थिनी यांची गोष्ट निराळी. त्यांचें यंत्र रात्र-रात्र पूर्ण भारावर चालतें. तें मध्येंच बंद पडलें तर मुदत चुकते, मुदत चुकली तर काम जातें, आणि कामाबरोबर नांवहि जातें. असें यंत्र पाण्यानें थंड ठेवावयाचें ठरलें म्हणजे त्या सर्व मांडणीचा भार एकाच हलत्या भागावर येऊन पडतो. तो भाग म्हणजे पंप. पंखा थांबला तर उष्णता हळूहळू तरी बाहेर पडते. पंप थांबला तर नळ्या, टाकी, रेडिएटर हे सर्व निरोगी असूनहि क्षणांत निरुपयोगी ठरतात. म्हणून पंप कसा निवडावा आणि कसा बसवावा, याचा विचार स्वतंत्रपणें करणें अगत्याचें आहे.

प्रथम या मांडणीचें स्वरूप पाहूं गेल्यास तें अगदीं साधें आहे. प्रोसेसरच्या पाठीवर तांब्याची एक चपटी डबी घट्ट बसवितात; तिला वॉटर ब्लॉक म्हणतात. तिच्या आंत केसासारख्या बारीक चिरा पाडलेल्या असतात व त्यांतून पाणी जातें. तापलेलें पाणी नळीनें रेडिएटरकडे जातें. हा रेडिएटर मोटारीच्या रेडिएटरचाच धाकटा भाऊ होय. तेथें पंख्यांचा वारा पाण्याची उष्णता खोलींतील हवेला देतो, आणि निवालेलें पाणी छोट्या टाकींतून पंपाकडे परत येतें. पंप तेंच पाणी पुन्हां पुढें ढकलतो. रहाटाच्या माळेप्रमाणें हें चक्र अखंड चालतें. पाणी तेंच, वाट तीच.

या चक्रांत पंपाचें नेमकें काम कोणतें? येथेंच बहुतेकांची समजूत चुकते. पंप जितका जोरकस, तितकें यंत्र थंड, असें पुष्कळांना वाटतें. वस्तुतः पंप पाणी थंड करीत नाहीं. तो तें केवळ वाहतें ठेवतो. थंड करण्याचें काम रेडिएटरचें. ही गोष्ट थोड्या अंकगणितानें स्पष्ट होते. दर मिनिटाला एक लिटर पाणी वाहत असेल, तर तापमानाच्या प्रत्येक अंशामागें तें सुमारें ७० वॉट उष्णता उचलतें. चार लिटर वाहत असेल तर २८०. आतां वरील ७०३ वॉटांचा हिशेब करावा. मिनिटाला दोन लिटर प्रवाह असला तर पाणी एका फेरींत पांच अंशांनीं तापेल. चार लिटर असला तर अडीच अंशांनीं. आठ लिटर असला तर सव्वा अंशानें. दोनाचे चार केल्यानें अडीच अंश वांचले, परंतु चाराचे आठ केल्यानें सव्वाच अंश वांचला. आणि तेवढ्यासाठीं पंपाला किती अधिक श्रम पडले, तें पुढें दिसून येईलच. प्रवाहाचा वेग वाढला म्हणजे डबींतील तांब्याकडून उष्णता घेण्याचें कामहि जरा सुधारतें हें खरें. पण तो लाभहि असाच उत्तरोत्तर आटत जातो. मिनिटाला चार लिटरांच्या आसपास प्रवाह मिळाला म्हणजे घरगुती संगणकाचें काम उत्तम भागतें.

याच्याच जोडीला दुसरी गोष्ट ध्यानांत ठेवावी. अशा मांडणींतील पाणी खोलींतील हवेहून अधिक थंड कधींच होऊं शकत नाहीं. नागपूर-अकोल्याकडे वैशाखांत खोलींतील हवा ३८ अंशांवर असेल, तर पाणी ३८ अंशांच्या वरच राहणार. तेथें मोठा पंप आणून कांहींएक उपयोग नाहीं. रेडिएटर वाढवावा, पंखे वाढवावे किंवा खोली थंड ठेवावी. रोग एकीकडे आणि औषध दुसरीकडे, असें होऊं देऊं नये.

पंप विकत घ्यावयास गेलें म्हणजे त्याच्या वेष्टनावर दोन आंकडे छापलेले आढळतात. एक असतो प्रवाहाचा, ताशी अमुक लिटर; दुसरा असतो उंचीचा, अमुक मीटर. या दोन आंकड्यांचा अर्थ नीट समजला म्हणजे निम्मी निवड झालीच म्हणून समजावें. प्रवाहाचा आंकडा पंपाला कसलाहि अडथळा नसतांनाचा असतो; उंचीचा आंकडा प्रवाह पूर्ण थांबलेला असतांनाचा असतो. म्हणजे हे दोन्ही आंकडे एकाच वेळीं कधींहि खरे नसतात. हमाल रिकाम्या हातांनीं किती वेगानें धांवतो आणि जागच्या जागीं उभा राहून किती ओझें पेलतो, एवढेंच त्यांवरून कळतें; ओझें घेऊन तो किती वेगानें चालेल, हें या दोहोंच्या मध्यें कोठें तरी असतें. चांगले निर्माते पंपाबरोबर एक आलेख देतात. प्रवाह वाढत जातो तसतशी उंची कशी उतरत जाते, तें त्यांत दाखविलेलें असतें. खरेदी करतांना पाहावयाचा तो हा आलेख होय.

उंची या शब्दानेंहि घोंटाळा होतो. गच्चीवरच्या टाकींत पाणी चढविणाऱ्या पंपाची उंची म्हणजे खरोखरच मजल्यांची उंची असते. वर चढलेलें पाणी तेथेंच राहतें. संगणकांतील चक्र बंदिस्त असतें. त्यांत जेवढें पाणी एका नळीनें वर चढतें, तेवढेंच दुसरीनें खालीं उतरतें, आणि उतरणाऱ्या पाण्याचें वजन चढणाऱ्या पाण्याला उचलून धरतें. म्हणून चक्र एकदां भरलें कीं रेडिएटर पेटीच्या माथ्यावर असो वा तळाशीं असो, पंपाच्या दृष्टीनें भेद नाहीं. मग ही उंची खर्च कोठें होते? ती खर्च होते घर्षणांत. डबींतील बारीक चिरा, रेडिएटरच्या चपट्या वाहिन्या, नळ्यांचीं वळणें आणि अरुंद जोड हीं सर्व मिळून पाण्याची वाट अडवितात. शिवाय प्रवाह दुप्पट करावयाचा झाल्यास हा अडथळा सुमारें चौपट होतो. म्हणूनच वेष्टनावर मिनिटाला पंचवीस लिटर छापलेला पंप प्रत्यक्ष चक्रांत चार-सहा लिटरच देतो. त्यांत फसवणूक कोणाचीहि नाहीं. वाटच तशी बिकट असते.

तेव्हां आधीं वाट ठरवावी आणि मग पंप घ्यावा. आधीं कळस मग पाया, असें करूं नये. किती डब्या, किती रेडिएटर, किती वळणें, हें कागदावर काढावें. एक डबी आणि एक रेडिएटर असें चक्र असेल तर मध्यम पंपहि पुरतो. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड या दोहोंच्या डब्या व दोन रेडिएटर असतील, तर ज्या पंपाची उंची चांगली आहे असा घ्यावा.

आज घरगुती संगणकांत जे पंप चालतात, त्यांत दोन जाती प्रमुख आहेत. त्यांचीं नांवें 'डी-५' आणि 'डीडीसी'. दोन्हींची मूळ रचना लाइंग या जर्मन कंपनीची. ती कंपनी २००९ सालीं आयटीटी कंपनीनें घेतली, आणि २०११ पासून हा व्यवसाय झायलम या नांवानें चालतो. निरनिराळे विक्रेते याच पंपांना आपापलीं झांकणें व टाक्या जोडून आपल्या नांवानें विकतात. म्हणून नांव पाहून भुलूं नये, आंतील पंप कोणता तें विचारावें. दोन्ही पंप संगणकाच्याच १२ व्होल्टांच्या विजेवर चालतात.

डी-५ हा आकारानें मोठा. त्याचा कमाल प्रवाह ताशी सुमारें १,५०० लिटर आणि उंची सुमारें चार मीटर. त्याच्या फिरत्या चक्राला नेहमींसारखा दांडा नसतो. तें एका लहानशा गोळीवर तोललेलें असतें आणि वाहतें पाणीच त्याला वंगणाचें काम देतें. त्यामुळें त्याचा आवाज कमी व झीजहि कमी. त्याचें आयुष्य ५०,००० तासांचें सांगितलें जातें. अहोरात्र चालविल्यास तीं साडेपांच वर्षांहून अधिक होतात. डीडीसी हा आकारानें लहान, पण जिद्दीचा. त्याच्या अठरा वॉटांच्या प्रकाराची उंची सुमारें पांच मीटर असते. जेथें जागा थोडी आणि अडथळा फार, तेथें तो उपयोगी पडतो. मात्र त्याच्या तळाशीं असलेलें विजेचें मंडल बरेंच तापतें. म्हणून त्याला धातूचें कवच घालावें आणि खालून वारा लागेल अशी व्यवस्था करावी. पेटी ऐसपैस असेल आणि यंत्र निजावयाच्या खोलींत असेल, तर डी-५ पसंत करावा. पेटी चिमुकली असेल तर डीडीसी.

येथें एका मोहापासून सावध राहिलें पाहिजे. उन्हाळी कूलरमधील पंप बाजारांत स्वस्त मिळतो, आणि काटकसरी गृहस्थाला तोच लावावा असें वाटणें स्वाभाविक आहे. प्रारंभीच्या हौशी लोकांनीं मत्स्यालयांतील पंप वापरून पाहिलेहि होते. परंतु कूलरचा पंप घरांतील २३० व्होल्टांवर चालतो व पाण्यांत बुडवून ठेवावा लागतो. तो संगणकाबरोबर आपोआप सुरू होत नाहीं, आणि थांबला तर संगणकाला त्याची वार्ताहि लागत नाहीं. बारीक चिरांतून पाणी रेटण्यासाठीं तो घडविलेलाच नाहीं. शेंकडों रुपये वांचवितांना लाख-दीड लाखांचें यंत्र पणाला लावणें याला काटकसर म्हणत नाहींत.

आतां वेगाचा विचार. डी-५ चें चक्र पूर्ण वेगानें मिनिटाला ४,८०० फेरे घेतें. तेवढ्या वेगाची गरज क्वचितच असते. पंपाचा वेग साठ टक्क्यांवर आणला तर प्रवाहहि सुमारें साठ टक्के राहतो; पण दाब छत्तीस टक्क्यांवर येतो आणि लागणारी शक्ति एकपंचमांशाहून थोडीच अधिक उरते. पूर्ण वेगानें सहा लिटर मिळत असतील, तर साठ टक्क्यांवर साडेतीन लिटरांहून थोडे अधिक मिळतात, आणि तेवढे पुरतात. आवाज मात्र पुष्कळच उतरतो. म्हणून पंप थोडा समर्थ घ्यावा आणि मध्यम वेगानें चालवावा, हाच राजमार्ग. प्रोसेसर क्षणाक्षणाला तापतो-निवतो. त्याच्या तालावर पंपाचा वेग नाचवूं नये. पंपाचा वेग एकदां ठरवून स्थिर ठेवावा, आणि पाण्याच्या तापमानाप्रमाणें पंख्यांचा वेग बदलूं द्यावा.

एकाऐवजीं दोन पंप लावावेत काय, असा प्रश्न नेहमीं निघतो. एकामागें एक असे दोन पंप जोडले तर त्यांचा दाब मिळविला जातो. पण अडथळाहि वाढत असल्यामुळें प्रवाह दुप्पट न होतां फार तर एकाचे एक पूर्णांक चार दशांश होतो. तेव्हां केवळ प्रवाहासाठीं दुसरा पंप घेणें म्हणजे पैशाचा अपव्यय होय. दुसऱ्या पंपाचें खरें मोल आहे तें आधाराचें. एक थांबला तरी दुसरा त्याच्या पोटांतून पाणी ढकलीत राहतो आणि हातचें काम पुरें होतें. ज्याची उपजीविका यंत्रावर आहे त्यानें हा खर्च अवश्य करावा. मात्र दोन पंप शेजारीं शेजारीं, दोन फांट्यांवर लावूं नयेत. तसें केलें आणि एक थांबला तर पाणी त्याच्यांतून उलट फिरून टाकीकडे येतें, आणि चालूं पंपाचे श्रम वायां जातात.

निवड झाली, आतां मांडणी. पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा नियम असा कीं, टाकी वर आणि पंप खालीं. हे पंप स्वतः हवा ओढून पाणी वर घेऊं शकत नाहींत. पाणी आपल्या वजनानें त्यांच्या तोंडाशीं आलें पाहिजे. पाणी हेंच त्यांचें वंगण असल्यामुळें कोरडा पंप थोड्याच वेळांत आपलें बेअरिंग खाऊन टाकतो. पंपाच्या मध्यावरचें तोंड पाणी आंत घेण्याचें आणि कडेचें तोंड बाहेर सोडण्याचें असतें. हीं दोन उलटसुलट जोडूं नयेत. मोटर वर आणि पाण्याचें तोंड खालीं, असा उफराटा पंपहि बसवूं नये. चक्राभोंवतीं हवा अडकून राहते.

पंप कॅबिनेटच्या पत्र्याला थेट आवळूं नये. पत्रा हा मृदंगाच्या पुडीसारखा असतो. पंपाची बारीक थरथर तो घरभर ऐकवितो. मध्यें रबराचे तुकडे किंवा जाड स्पंज द्यावा. नळ्यांचे जोड हातानेंच घट्ट करावेत. त्यांतील रबरी ओ-रिंग पाणी अडविते. पान्याचा जोर केला तर तीच चिरडते आणि गळती ओढवून घेतली जाते.

विजेची जोडणी करतांना पंपाची मुख्य वीज थेट एसएमपीएसमधून द्यावी. मदरबोर्डवरील पंख्याची साधी जागा बहुधा एक अँपियरच सोसते. डी-५ पूर्ण वेगावर सुमारें दोन अँपियर घेतो. तेथून वीज दिल्यास मदरबोर्ड जळण्याचा संभव असतो. मदरबोर्डकडे न्यावयाच्या त्या दोनच तारा : एक वेग सांगणारी आणि दुसरी वेग ठरविणारी. वेग सांगणारी तार प्रोसेसरच्या पंख्याच्या जागेवर लावावी. मग पंप थांबतांच संगणकाला तें कळतें, आणि इशारा देण्याची किंवा यंत्र बंद करण्याची योजना करतां येते. १३९००के सारखा प्रोसेसर १०० अंशांना पोंचला कीं आपला वेग आपणच कमी करतो आणि त्याहून अति झाल्यास यंत्र बंद पडतें, हें खरें. पण ती शेवटची तटबंदी आहे. शत्रु तेथवर येईपर्यंत पहारेकऱ्यानें झोंपूं नये. ती एक बारीक तार म्हणजेच हा पहारेकरी.

पाणी भरण्यापूर्वीं हवेनें परीक्षा घ्यावी. दाबमापक बसविलेला छोटा हातपंप मिळतो. त्यानें चक्रांत सुमारें अर्धा बार दाब भरावा आणि पाव तास थांबावें. कांटा हलला नाहीं तर जोड पक्के. त्यानंतर पाणी भरतांना संगणकाच्या इतर कोणत्याहि भागाला वीज जोडलेली नसावी. फक्त पंपाला असावी. एसएमपीएस एकटा सुरू करण्यासाठीं तयार चावी मिळते, ती वापरावी. टाकी भरावी, पंप कांहीं सेकंद चालवावा, टाकी रिकामी होण्यापूर्वींच थांबवावा, पुन्हां भरावी. असें आठ-दहा वेळां केलें म्हणजे चक्र भरतें. पेटी हळूच इकडे-तिकडे कलती केली म्हणजे कोपऱ्यांत दडलेली हवा टाकीकडे येते. प्रारंभीं पंपांतून वाळू चाळल्यासारखा जो आवाज येतो, तो या बुडबुड्यांचा असतो. दोन-चार दिवसांत तो शमतो. सर्व जोडांखालीं कोरडा कागद पसरून चक्र एक दिवस नुसतें चालवावें, आणि कागद कोरडा राहिला तरच बाकीच्या भागांना वीज द्यावी.

पाणी नळाचें किंवा विहिरीचें नसावें; त्यांतील क्षार चिरांत बसतात. ऊर्ध्वपातित पाण्यांत शेवाळ व गंज यांना रोखणारें द्रव्य मिसळून, किंवा तयार मिळणारें मिश्रण घेऊन भरावें. तांब्याची डबी आणि ॲल्युमिनियमचा रेडिएटर एकाच पाण्यांत कधींहि जोडूं नये. दोन धातूंमध्यें विजेची क्रिया सुरू होऊन ॲल्युमिनियम झिजतें, आणि त्याचा गाळ अखेर पंपाच्याच पोटांत जातो. टाकींतील पातळी महिन्याला एकदां पाहावी, आणि पाणी वर्षांतून एकदां बदलावें.

ज्यांना एवढी यातायात नको, त्यांच्यासाठीं कारखान्यांतच भरून बंद केलेले संच मिळतात. त्यांतील बहुतेकांत पंप डबीच्याच डोक्यावर असतो. त्यांनाहि एक नियम लागू आहेच. अशा संचांतहि काळानें थोडी हवा जमते, आणि हवा नेहमीं सर्वांत उंच जागा शोधते. ती जागा पंपाची नसावी. रेडिएटरचा माथा पंपाच्या वर राहील असा तो बसवावा. आणि ज्यांचें काम हलकें आहे, त्यांनीं पाण्याच्या फंदांतच पडूं नये. चांगला धातूचा ठोकळा आणि एक मोठा पंखा त्यांची सेवा वर्षानुवर्षें बिनतक्रार करील.

तात्पर्य, पंपाकडून थंडाव्याची अपेक्षा करूं नये, सातत्याची करावी. ज्याचा आलेख आपल्या वाटेला जुळतो, जो मध्यम वेगावर काम भागवितो, ज्याच्या तोंडाशीं नेहमीं पाणी असतें आणि जो थांबल्यास तत्काळ कळतें, तो पंप चांगला. घरांतील कर्त्या माणसाचेंहि असेंच असतें. तो फार बोलत नाहीं आणि फार धांवत नाहीं. पण तो आहे म्हणून बाकीच्यांचे व्यवहार सुरळीत चालतात. संगणकाच्या पेटींत अशा शांत आणि अखंड काम करणाऱ्या पंपाची योजना झाली, तर पाणी आणि वीज यांचें तें जुनें वैरहि त्या पेटींत सुखानें मिटून राहतें.